सत्ताविसाव्या पानावरची नोटीस

छापखान्यात तिला सगळे चिमटा म्हणत. नाव टोचरं, पण लाडाचं. पानभर अक्षरांच्या गर्दीत एखादी वेलांटी आखूड पडलेली असो, एखादा अनुस्वार घर सोडून गेलेला असो, तिचे डोळे तो नेमका उचलत. तळव्यातला काटा उचलावा तसा, रक्ताचा थेंब न येऊ देता. सोळा वर्षं ती दुसऱ्यांच्या चुका अशा उचलत आली होती. औषधांची लेबलं, शाळांची प्रगतिपुस्तकं, लग्नाच्या पत्रिका, आणि एका निवृत्त न्यायाधीशांचं सातशे पानी आत्मचरित्र, ज्यात बायको एकाच वाक्यात येऊन गेली होती: 'दरम्यान विवाह झाला.'

त्या वाक्यात शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. चिमटानं पानाच्या कोपऱ्यात नेहमीसारखं हिरव्या शाईनं 'बरोबर' लिहिलं, आणि त्याच आठवड्यात स्वतःसाठी एक कोरी वही आणली.

वही भरायला दोन वर्षं लागली. भरली, तेव्हा ती मालकांपुढं जाऊन उभी राहिली. कारण या छापखान्यात एक जुनी रीत होती. ज्यानं इथं पंधरा वर्षं काढली, त्याला उरल्यासुरल्या कागदावर हवं ते एक काम फुकट छापून मिळे. घड्या घालणाऱ्या थोरलीनं लेकीच्या लग्नाच्या पत्रिका छापून घेतल्या होत्या. मशीन चालवणाऱ्या मामांनी स्वतःच्या नावाचे पाचशे कोरे पत्रकागद छापून घेतले, आणि आजतागायत एकही पत्र लिहिलं नाही. "लिहायला कोणी नाही," मामा म्हणत, "पण उद्या कोणी निघालंच, तर कागदावाचून अडायला नको."

"मला गोष्ट छापायचीय," चिमटा म्हणाली.

मालकांनी वही घेतली, दोन दिवस ठेवली, आणि बुधवारी तिला काचेच्या खोलीत बोलावलं. मालक मनाचे मऊ होते; पण मऊपणा उघडा पडू नये म्हणून भुवया सतत वर चढवून ठेवत.

गोष्ट एका शहराची होती. रस्ते धुतलेले, दिवे वेळेवर, घड्याळं बिनचूक. फक्त तिथल्या बायकांना एकेक नियम लागत गेलेला. एकदम नाही, चपलेचा तळ झिजावा तसा, रोज थोडा, चालणारीला न कळता. आधी बाहेर पडायला चिठ्ठी. मग बाहेर राहायला वेळ. मग बोलायला माणसं मोजून. शेवटी एक नळ दुरुस्त करणारी बाई, जिला शहराखालचे सगळे पाइप पाठ असतात, जिना उतरून पाण्याच्या बोगद्यातून निसटते.

"भाषा सुरेख," मालक म्हणाले. "पण ताई, पटत नाही हो."

"काय पटत नाही?"

"हे बघा, सत्ताविसावं पान. कुणीतरी भिंतीवर एक कागद चिकटवतं, आणि शहरभरच्या बायका मुकाट चिठ्ठ्या लिहायला बसतात? एकीच्याही तोंडून निघत नाही, की हे ठरवलं कुणी? छे! बायका माहीत आहेत मला. आमच्याच घरचं उदाहरण घ्या. तुमच्या वहिनींच्या हाती असा कागद पडला, तर दोन मिनिटांत त्या शहराची वीट शिल्लक राहायची नाही."

"उघड सांगितलं, की लोक कानांवर हात ठेवतात, मालक. 'एक शहर होतं' म्हटलं, की कान पुढं करतात. म्हणून शहर रचलं."

"रचा की! पण विश्वास बसेल असं रचा. पुस्तकाच्या पाठीवर आपल्या छापखान्याचं नाव जातं. लोक म्हणतील, यांनी काय आकाशातल्या बाता छापल्या." मालकांनी वही तिच्याकडं सरकवली. "हक्क आहे तुमचा, मी नाही म्हणत नाही. पण मशीनवर, घडीवर बसणाऱ्या आपल्याच तीन माणसांना विचारा. तिघांनी 'असं होऊ शकतं' म्हटलं, तर शनिवारी मशीनवर चढवू. नाहीतर तो कागद कापून पावतीपुस्तकांत जाईल."

छापखान्यात 'आपली तीन माणसं' म्हणजे मामा, थोरली आणि धाकटी. थोरली-धाकटी सख्ख्या जावा. घरी एका चुलीवर दोघींचं पटत नसे; पण कामाला आल्या, की एकाच लांब टेबलाशी समोरासमोर बसून छापील कागदांच्या अशा घड्या घालत, की चार हात एकाच बाईचे वाटावेत. हात चालू झाले, की गळे चालू होत.

'घडीवर बाई घडी, कागद हा दुमडला,
आतल्या गं पानावर, कोण बाई अडकला?'

थोरली सुरुवात करी, धाकटी पुढं नेई. त्या दिवशी गाणं थांबवून चिमटानं त्यांना गोष्ट वाचून दाखवली. धाकटीनं दोनदा डोळे पुसले. नळवाली बाई बोगद्यात शिरली, तेव्हा थोरलीनं टेबलावर असा हात मारला, की ढीग कोसळला.

"अगं चिमटे, तुझ्यात एवढं होतं तर इतकी वर्षं दुसऱ्यांचे काने-मात्रे काय चाटत बसलीस?"

"म्हणजे पटलं?"

"आवडलं," थोरली म्हणाली.

"ताई, आवडलं खूप," धाकटी म्हणाली. "पण असं कुठं असतंय? कागद बघून गप्प बसायला बायका काय मेंढरं आहेत?"

मामांनी पूर्ण वही जेवणाच्या सुट्टीत वाचून काढली. "एक चूक सापडली नाही," एवढंच बोलून त्यांनी डबा बंद केला.

गुरुवारची संध्याकाळ झाली. तिघांतलं एकही मत पदरात पडलं नव्हतं. चिमटा संगणकापुढं बसली आणि तिला वाटलं, चूक आपल्या नोटिशीतच असणार. ती नोटिशीसारखी दिसतच नसेल. मग तिनं सत्ताविसाव्या पानावरचा मजकूर मोठ्या टायपात घेतला, भोवती चौकट घातली, जाड ठसठशीत मथळा दिला, आणि छापखाना ज्या चार मजली इमारतीत होता, तिच्या नोटिसा ज्या पिवळ्या कागदावर निघत, त्याच कागदावर एक प्रत काढली. दुरून बघितली, जवळून बघितली. खरीखुरी दिसत होती. वाचली. एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. सोळा वर्षांची सवय; हात आपोआप हिरव्या पेनाकडं गेला. कोपऱ्यात 'बरोबर' पडलं. कागद तिनं तपासलेल्या कामांच्या ट्रेमध्ये टाकला आणि ती घरी गेली.

आता, चिमटाचं 'बरोबर' पडलेल्या कागदाकडं दुसऱ्यांदा बघायचं नाही, हा छापखान्याचा न लिहिलेला कायदा. आणि इमारतीच्या नोटिसा रोज सकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर लावायच्या, हे मामांचं काम. शुक्रवारी ट्रेमध्ये दोन पिवळे कागद होते. एक, 'पाण्याची टाकी रविवारी धुतली जाईल.' दुसरा हा. मामांनी दोन्ही सरळ रेषेत लावले, चारी कोपऱ्यांना टाचण्या टोचून.

शुक्रवारी चिमटा सकाळीच बाहेर पडली होती. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला प्रगतिपुस्तकांचे नमुने दाखवायचे होते. ती परतली, तेव्हा दीड वाजला होता, आणि फाटकाशी दहाबारा बायका रांगेत उभ्या होत्या. वरच्या मजल्यांवरच्या शिवणवर्गाच्या मुली, दाताच्या दवाखान्यातली परिचारिका, गालाला फडकं बांधलेली एक रुग्ण. प्रत्येकीच्या हातात चतकोर कागद. फाटकवाले दादा चष्मा नाकावर ओढून एकेक वाचत होते.

"ताई, चिठ्ठी?" दादांनी चिमटापुढं हात केला.

"कसली चिठ्ठी?"

"बाहेर पडायची."

"अहो दादा, मी आत येतेय!"

"आत येताय म्हणजे कुठून तरी बाहेर पडलाच असणार ना?"

चिमटानं फळ्याकडं बघितलं. तिचीच नोटीस होती.

'सर्व स्त्रियांना कळविण्यात येते की, आजपासून दुपारी बारा ते चार या वेळेत इमारतीबाहेर पडताना घरातील अथवा कामावरील जबाबदार पुरुषाची सही असलेली चिठ्ठी जवळ बाळगावी. चिठ्ठीत ठिकाण, कारण व परतण्याची वेळ नमूद करावी. तीनपेक्षा अधिक स्त्रियांनी एकत्र उभे राहून बोलू नये. जिन्यात मोठ्याने हसू नये. हुकमावरून.'

"दादा, हे मी लिहिलंय!" ती ओरडली.

"असेल हो. कुणी लिहिलं, ते विचारायचं नसतं. पाळायचं असतं."

"कुणाच्या हुकमावरून, ते तरी विचारलंत?"

दादांनी कागद पुन्हा निरखला. "लिहिलंय की खाली. हुकमावरून."

रांगेतली गालफडकेवाली कळवळून म्हणाली, "अहो बाई, नंतर भांडा. माझ्या चिठ्ठीत परतायची वेळ दोन लिहिलीय, आणि दाढ अजून ठणकतेय."

चिमटा जवळजवळ धावतच आत शिरली. जिन्याच्या तोंडाशी शिवणवर्गाच्या चार मुली बोलत होत्या. तिला बघून चौथी चटकन दोन पायऱ्या वर जाऊन उभी राहिली आणि तिथून वाकून बोलू लागली. वकिलांच्या कचेरीतला कारकून समोरून आला, हातात कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. "नमुना तयार केलाय आम्ही," तो अभिमानानं म्हणाला. "साहेबांनी विचारलंय, शिक्का लागेल का?"

आत टेबलाशी थोरली-धाकटी समोरासमोर बसून घड्या घालत होत्या. गाणं बंद होतं. दोघींच्या मध्ये पाण्याच्या ग्लासाखाली दाबून ठेवलेली एकेक चिठ्ठी.

"थोरल्या बाई! तुम्हीसुद्धा?"

"मग? मला सव्वाचारच्या आत नातीला शाळेतून आणायचं असतं. सकाळीच सही घेऊन ठेवली. वेळेवर धावाधाव नको."

"परवाच वाचून दाखवलं ना मी? सत्ताविसावं पान! ही धाकटी म्हणाली, असं कुठं असतंय!"

थोरलीचे हात घडीवर थांबले. तिनं चिठ्ठीकडं बघितलं, चिमटाकडं बघितलं, पुन्हा चिठ्ठीकडं.

"ती गोष्ट होती गं," ती सावकाश म्हणाली. "ही तर नोटीस."

"आणि ते हसण्याचं कलम? ते वाचूनही काही वाटलं नाही?"

"त्यात काय वाटायचंय?" धाकटी म्हणाली. "जिन्यात हसायचं नाही, हे आमच्या सासूबाईंनी मी घरात आले त्याच दिवशी सांगितलंय. मला वाटलं, आता इमारतीलाही कळलं."

मशीन थांबवून मामा आले. चिमटा त्यांच्याकडं वळली. "मामा, लावताना वाचली नाहीत?"

"शब्द न् शब्द वाचली. एक चूक नव्हती." मामांनी कानामागं बोट चोळलं. "तुझं 'बरोबर' होतं त्यावर."

पुस्तक गेलं, असं तिला वाटलं. आता मालकांना कळणार, वर इमारतभर बोभाटा, आणि कागद पावतीपुस्तकांत. चूक शोधणारीनंच फळ्यावर चूक टांगली होती, तीही हिरव्या शाईत. पण लपवणं तिच्या रक्तात नव्हतं. वही घेऊन ती काचेच्या खोलीकडं निघाली. मागून थोरली, धाकटी, मामा.

मालक टेबलाशी होते, आणि दारात पाठमोऱ्या उभ्या होत्या त्यांच्या पत्नी. सगळ्या छापखान्याच्या वहिनी. महिन्यातून एकदा कपाटाच्या किल्ल्या द्यायला यायच्या आणि जाताना सगळ्यांशी दोन शब्द बोलायच्या. आज त्यांच्या हातात चिठ्ठी होती.

"ठिकाण, बहिणीचं घर," मालक वाचत होते. "कारण, सहज. सहज? हे काय कारण झालं?"

"मग काय लिहू?" वहिनी म्हणाल्या. "सहजच चाललेय."

"प्रकृतीची विचारपूस, असं लिही. शोभून दिसतं." मालकांनी स्वतःच्या हातानं 'सहज' खोडलं, विचारपूस लिहिली आणि खाली सही ठोकली. मग दारातली मंडळी दिसली. "या! तुम्हालाही हव्यात? सकाळपासून एकोणीस झाल्या. हात भरून आला माझा."

चिमटा पुढं झाली. "मालक, या सह्या कशासाठी चालल्यात?"

"काय माहीत? बायका कागद घेऊन येतायत, मी सही करतोय."

"कशासाठी, ते विचारलं नाहीत?"

"सहीच तर मागतात. त्यात विचारायचं काय?"

"फळ्यावर नोटीस आहे."

"असेल. मामा लावतात रोज."

"ती माझी आहे, मालक. पान सत्तावीस. चुकून लागली. चूक माझी."

मालकांनी वही ओढली, पान काढलं, वाचलं. भुवया, ज्या सोळा वर्षांत खाली आल्या नव्हत्या, त्या हळूहळू उतरल्या. त्यांनी बायकोकडं बघितलं.

"तू... तुला खोटं वाटलं नाही?"

"खोटं का वाटेल?" वहिनी सरळपणे म्हणाल्या. "तीस वर्षं तुम्हाला सांगूनच निघते. कुठं, कशाला, कधी येणार. फक्त आज लिहून द्यावं लागलं. मला वाटलं, बरं झालं, निदान तोंडाची वाफ तरी वाचली."

पहिली फुटली ती थोरली. आधी नाकातून, मग खांद्यातून, मग कंबर धरून. तिला बघून धाकटी. जावाजावांचं हसू एकमेकींत अडकून असं उसळलं, की चिमटाही स्वतःला आवरू शकली नाही. आणि वहिनींना आधी कळेना, मग वही वाचून कळलं, तेव्हा त्या खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसणं काचेच्या खोलीत मावेना. ते बाहेर आलं, जिन्यात गेलं, शिवणवर्गाच्या मुलींनी वरून विचारलं, "काय झालं, काय झालं?" आणि गोष्ट पायरीपायरीनं वर चढत गेली. प्रत्येक मजल्यावर नवं हसू फुटत होतं. दवाखान्यात म्हणे दाढ काढताना मधेच कुणीतरी हसलं.

मामा नोटीस काढायला फळ्याकडं गेले. सगळ्याजणी मागून, आणि शेवटी मालक. एक टाचणी निघाली, दुसरी निघाली, आणि धाकटीचं बोट शेजारच्या एका विटक्या, काचेआडच्या कागदावर टेकलं.

"ताई, ही तुमच्या कितव्या पानावरची?"

'कटाईच्या मशीनवर काम शिकू इच्छिणाऱ्या महिला कामगारांनी घरातील पुरुषाचे संमतीपत्र आणावे.'

"ही माझी नाही गं," चिमटा म्हणाली. "ही खरी आहे."

आता मात्र हसू विझलं. मालकांनी घसा खाकरला. "ती... ती आमच्या वडिलांच्या वेळची."

"म्हणजे चिमटाच्या आधी वडिलांनीच पुस्तक काढलं म्हणायचं," थोरली म्हणाली.

"सात वर्षं मी या काचेखालून जातेय," धाकटी पुटपुटली. "मला कटाई शिकायची होती. घरी हे म्हणाले, आठवड्याभरात सही करतो. तो आठवडा अजून संपला नाही. आणि मला एकदाही वाटलं नाही, की हे कुणी ठरवलं, ते विचारावं."

मालक त्या चौकटीपाशी गेले. काचेच्या चौकटीचा खिळा गंजला होता. त्यांनी मामांकडून पक्कड मागून घेतली आणि स्वतःच उपटला. भिंतीवर कागदाएवढा पांढरा चौकोन उरला.

"धाकट्या बाई, सोमवारी कटाईवर या," ते म्हणाले. मग चिमटाकडं वळले. "ताई, तीन माणसांना पटायला हवं, अशी अट होती ना? आज चार मजले झाले. फाटक धरून." थोडं थांबले. "आणि मी. माझ्या एकोणीस सह्या आहेत."

"वीस," वहिनींनी आपली चिठ्ठी फडकवली. "ही मी ठेवून घेणार आहे. आणि हो, मी बहिणीकडं निघालेय. सहज."

शनिवारी सकाळी मशीनच्या खोलीत शाईचा वास दाटला होता. उरलेला कागद तीनशे प्रतींना पुरेल, असं मामांनी मोजून सांगितलं. शेवटच्या पानांचा फर्मा सोडून बाकी सगळे फर्मे मशीनवर चढले. शेवटच्या पानाचा नमुना हातात घेऊन चिमटा लांब टेबलाशी बसली होती, आणि धाकटी तिच्या खांद्यावरून वाचत होती.

"ताई, एक बोलू? रागवू नका."

"बोल."

"ही नळवाली एकटीच बोगद्यातून गेली. तिला सगळे पाइप पाठ. मग मागच्यांचं काय? त्या बिचाऱ्या अजून चिठ्ठ्याच लिहितायत?"

"एकटी गेली, तरच गोष्टीला धार येते," चिमटा म्हणाली. पण म्हणताना तिचं स्वतःचंच मन मानेना.

"धार घेऊन काय नारळ फोडायचेत?" थोरली म्हणाली. "तिच्यामागून त्या शिवणाऱ्या मुलींना काढ. शिवणाच्या कात्र्या असतात त्यांच्याकडं, उपयोगी पडतील."

"आणि एक गालाला फडकं बांधलेली," धाकटीनं भर घातली. "दुखत असलं, तरी येते म्हणावं."

चिमटानं हिरवं पेन बाजूला ठेवलं आणि काळं घेतलं. छापील ओळीच्या खाली, समासात, कागदाच्या पाठीवर ती लिहू लागली. दोघी जावा सांगत होत्या, भांडत होत्या, एकमेकींची वाक्यं खोडत होत्या. बोगद्यात एकेक बाई उतरत होती, पदर खोचून, चपला हातात घेऊन, आणि थोरलीनं गुणगुणायला सुरुवात केली होती.

'पुढचीच्या पावलात, मागचीचं गं पाऊल,
अंधाराच्या पलीकडं, उजेडाची ती चाहूल.'

"अगं, आटपा!" मशीनपाशी मामा ओरडले. "शाई वाळतेय! किती वेळ?"

चिमटानं मान वर न करता हात हलवला. "थांबा मामा. अजून दोघी जिन्यात आहेत."